रविवारी चार ते पाच, तुरुंगात

तुरुंगात एकदा जाऊन आलेला माणूस जन्मभर गोष्टी सांगत बसतो म्हणतात. मी तर चार वर्षं दर रविवारी तुरुंगात गेले आणि दर रविवारी परत आले! तेव्हा माझ्याकडे किती साठल्या असतील याचा तुम्हीच अंदाज करा. घरी पाहुणा आला, चहा झाला, बोलणं जरा थंडावलं, की मुलगा म्हणतोच, "आई, तुरुंगातलं सांग ना!" पाहुणा दचकतो. सून घाईघाईनं खुलासा करते, "शिक्षा नव्हती झाली हो त्यांना, प्रार्थनेला जायच्या!" मग पाहुणा पुन्हा कपाकडे वळतो. थोडा निराशच झालेला दिसतो.

चाळीस सालानंतरची ती वर्षं. तुरुंग आपल्या नगर जिल्ह्यातलाच, लहानसा. पण कुठला ते सांगणार नाही. तिथल्या शिपायांची नातवंडं आता इथं सावेडीत आमच्याच गल्लीत राहतात आणि दूध आणायला गेले की भेटतात.

या सगळ्याला कारण माझी थोरली नणंद, लिआबाई. मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची. देहानं भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. मी तिला वन्सं म्हणायची, आणि तिची पेटी वाजवायची. पेटी वाजवणारी दुसरी कुणी मिळाली असती तर मी तुरुंगाचं तोंडही पाहिलं नसतं, हे आधीच कबूल करते.

* * *

वन्संना तुरुंगाच्या सेवेचं पाचारण कसं झालं, ते त्या सांगत ते वेगळं आणि मी पाहिलं ते वेगळं.

आम्ही तेव्हा केडगावला राहत होतो. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बायकांना विचारलं, "दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला कोण जाईल?" सात हात वर. "खेड्यांवर कोण जाईल?" पाच हात वर. "आणि तुरुंगात?" सगळ्या बायका एकदम पायांकडे बघायला लागल्या. तुरुंगातल्याला भेटणं म्हणजे प्रत्यक्ष प्रभूला भेटणं, असं पाळकसाहेबांनी दोनदा बजावून सांगितलं. तरी एक पदर हलेना.

एवढ्यात वन्संचा हात वर गेला. "आमेन! लिआबाई!" पाळकसाहेब जवळजवळ ओरडलेच. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. वन्संनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हात खाली घेतला.

मी शेजारीच होते. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, आणि ती लावून घ्या असं सांगायला त्यांनी हात वर केला होता! घरी जाताना मी ते बोलून दाखवलं. वन्सं तशाच चालत राहिल्या. मग रस्त्यातच थांबल्या.

"मग ऊन कोणी पाडलं गं, रूथ?"

 पण एक सांगते. त्यांचे यजमान गेल्यापासून तीन वर्षं वन्संना मी घरात कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात त्या भाकरी थापता थापता गात होत्या. मला इतकं बरं वाटलं की पेटी कोण वाजवणार हे विचारायचंच मी विसरले.

* * *

जेलरसाहेब निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी परवाना लिहिला, पण हातात देईनात.

"बाई, माझी दोन वर्षं राहिलीत. ती शांतपणे जाऊ द्या. रविवारी चार ते पाच. आत काही न्यायचं नाही, बाहेर काही आणायचं नाही. तुमच्यामुळे एक जरी भानगड वहीत चढली, की हा परवाना मी फाडणार. दुसरा मिळणार नाही."

"साहेब, भानगड कशाला होईल? आम्ही देवाचं काम करायला येतोय."

"म्हणूनच सांगतो," जेलरसाहेब म्हणाले. "देवाच्या कामात फार भानगडी होतात!"

त्या कागदाला वन्संनी मेणकापडाची पिशवी शिवली. आत अकरा बायका होत्या. त्यांतल्या बहुतेकींकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नव्हतं. "हा कागद गेला तर त्यांच्याकडे कोण जाईल?" हा वन्संचा घोर. परवाना फाटल्याचं स्वप्न पडून त्या दचकून उठायच्या आणि मला उठवून पिशवी तपासायला लावायच्या.

* * *

फाटकावर सखाराम शिपाई. मिशा मोठ्या, जीव लहान. पहिल्याच रविवारी त्यानं माझी पेटी अडवली.

"हिच्या पोटात काय हाय?"

"हवा आहे," मी म्हटलं.

"हवाच हाय कशावरनं?"

त्यानं पेटी खोलली. स्क्रू काढले, भाता चाचपला, एकेक पट्टी उचलून खाली डोकावला. कानस सापडली नाही म्हणून जरासा हिरमुसला, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवून दिलं. म्हणजे त्याच्या मते जागच्या जागी!

मी भाता ओढला आणि एक खर्जातला सूर जो लागला तो थांबेचना. मी गाणं वाजवतेय आणि मागून तो अखंड भुणभुणतोय. कुठल्याही पट्टीवर बोट ठेवा, तो आपला हजर! घामानं माझं लुगडं भिजलं. वन्सं मात्र डोळे मिटून गात राहिल्या.

आठवडाभरात मी पेटी दुरुस्त करून घेतली. पुढच्या रविवारी ताठ मानेनं वाजवली. गाणं संपल्यावर गंगूबाई उठली. मेंढ्या चोरल्याबद्दल दोन वर्षं काढायला आलेली ही बाई, तिच्या तोंडी लागायला जेलरसाहेबही कचरत.

"त्यो मागल्या बारीचा सूर कुटं ठिवला?" तिनं मला दरडावून विचारलं. "त्येलाच धरून तर आमी गात हुतो! तुमचं बाकीचं वाजिवणं काय समजत न्हाई आमास्नी!"

* * *

एकदा वन्संनी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला. मेंढपाळाकडे शंभर मेंढरं होती, त्यांतलं एक हरवलं, तेव्हा नव्व्याण्णव रानात ठेवून तो त्या एकाला शोधायला निघाला. वन्सं ही गोष्ट फार रंगवून सांगत. काट्याकुट्यांतून चालून दाखवत, खांद्यावर मेंढरू घेऊन दाखवत. चार-पाच जणींनी डोळ्यांना पदर लावला.

गंगूबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"नव्व्याण्णव रानात सोडली?"

"हो."

"राखनीला कोन ठिवलं?"

वन्सं अडखळल्या. "तसं काही... सांगितलेलं नाही."

"कुत्रंबी न्हाई?"

"नाही."

गंगूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आन् आमच्या नशिबाला येक बी असा मेंढपाळ येऊ नये! आज आमी हितं कशाला असतो?"

बराक हसून हसून लोळली. वन्सं सगळ्यांत जास्त. परत येताना सर्व्हिस मोटारीत त्या मधूनच गंभीर झाल्या. मला वाटलं, दुखावल्या. म्हणाल्या, "रूथ, हा दाखला मी दहा पाळकांच्या तोंडून ऐकला असेल. नव्व्याण्णवांची काळजी त्यांच्यातल्या एकालाही वाटली नाही बघ!"

* * *

बेचाळीसच्या धामधुमीत एक सत्याग्रही मुलगी काही महिने त्या बराकीत होती. कुमुद तिचं नाव. कॉलेजात शिकणारी, खादीचं पातळ, चष्मा, आणि वाद घालण्याची भारी हौस. वन्सं प्रार्थनेला उभ्या राहिल्या की ही पाठ फिरवून बसायची. शेवटी एकदा तिनं तोंड फोडलंच.

"लिआबाई, तुमचा देव सरकारी आहे!"

 मला परवाना आठवला. सरकारचं नाव निघालं, वाद झाला, तर ते वहीत चढणार! मी वन्संचं लुगडं मागून ओढत होते. पण त्या कसल्या ऐकतात!

"कुमुदताई, त्याला धरलं कुणी? सरकारी शिपायांनी. चौकशी कुणी केली? सरकारी सुभेदारानं. खिळे ठोकले तेही सरकारी हुकमानंच. सरकारी असता तर पेन्शन घेऊन घरी नसता का बसला?"

कुमुदला हसू आवरेना. पुढच्या रविवारी ती आपण होऊन आमच्यात येऊन बसली आणि टाळ वाजवायला लागली. गायची मात्र नाही. गंगूबाईनं विचारलं तर म्हणाली, "माझा तत्त्वाचा प्रश्न आहे. टाळांचं तसं नाही. टाळ स्वदेशी आहेत!"

* * *

नाताळ आला. वन्संनी दोन डबे करंज्या केल्या आणि मग त्यांना आठवलं, आत काही न्यायचं नाही. जेलरसाहेबांना विचारलं तर त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "बाहेरचं खाणं चालत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेवढं चालतं."

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. पोक्त, अबोल, कधी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वन्सं डबे घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी एक करंजी उचलली, वास घेतला, खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग अकराही बायकांना ओळीनं बोलावून नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि कागदावर लिहिलं : "सर्वांना अशक्तपणा. औषध : करंजी, नग दोन, जेवणानंतर. चावून खाणे."

असं औषध त्या तुरुंगात पहिल्यांदाच येत होतं. बायकांनी ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अगदी चावून चावून घेतलं. एका म्हातारीनं दुसरी करंजी पदराला बांधली. म्हणाली, "रातच्याला बी अशक्तपना वाटतो कदी कदी." मी हसले आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

उरलेल्या करंज्यांचे डबे घेऊन आम्ही फाटकाशी आलो. डॉक्टरांचा टांगाही निघतच होता. सखारामनं बंदूक भिंतीला टेकवली आणि गजांतून हात बाहेर काढला.

"डाक्टरसायेब, माजी बी नाडी बगता का जरा?"

* * *

आता जे झालं त्याचा दोष सर्वस्वी आमचा.

मिशनच्या आम्हा बायकांची लुगडी पांढरी. आतल्या बायकांचीही पांढरीच. आणि बायकांच्या बराकीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा सखारामचा स्वतःचा कडक नेम. त्यामुळे संध्याकाळची गिनती तो गजांबाहेर उभा राहून, मान खाली घालून करायचा. ओळीनं बसलेल्यांचे नुसते पदर मोजायचा.

त्या रविवारी जेलरसाहेबांना लग्नाला जायचं होतं म्हणून गिनती साडेचारलाच झाली. पेटीची झडती आधी उरकावी म्हणून मी फाटकाशी आले होते. वन्सं आत ओळीत बसून बायकांबरोबर डाळ निवडत होत्या. गिनती आहे म्हणून सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतला, यांनीही घेतला!

सखारामनं मोजलं, वहीत लिहिलं, सही केली. पाच वाजता वन्सं फाटकाशी आल्या.

"सखारामदादा, उघडा."

सखारामनं वही पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "बारा लिवल्यात म्या. तुमी गिनतीत आला, बाई! गिनतीतला कैदी कागदाबिगर सोडता येत न्हाई."

"अहो, पण मी कैदी नाही!"

"समदे असंच म्हनत्यात," सखाराम काकुळतीला येऊन म्हणाला. "कैदी कमी भरला तर घंटा वाजवायची, ते ठावं हाय मला. वाढला तर काय करायचं, ते कुनी शिकिवलंच न्हाई!"

जेलरसाहेब लग्नाहून परत येईपर्यंत साडेसहा झाले. तोवर मी फाटकाबाहेर पेटीवर बसून रडत होते, आणि आतून बारा जणींच्या गाण्याचा आवाज येत होता.

जेलरसाहेबांनी वन्संना लगेच सोडवलं, रागावलेही नाहीत. हात जोडून फक्त एवढंच म्हणाले, "शाई वाळली हो बाई, शाई वाळली!" बारा हा आकडा पुण्याला तुरुंगखात्याच्या कचेरीत गेला. तिकडून विचारणा आली, "बारावी स्त्री कैदी कोण, कोणत्या गुन्ह्याखाली? कागदपत्रं पाठवा." खरा प्रकार कळवल्यावर उत्तर आलं की मोठे साहेब स्वतः तपासणीला येतील आणि प्रार्थनेच्या परवान्याचं काय करायचं ते जागेवरच ठरवतील.

* * *

मोठे साहेब आले त्या दिवशी आम्हालाही बोलावणं होतं. सकाळी वन्संनी मेणकापडाच्या पिशवीतून परवाना काढला, एकदा वाचला आणि माझ्या हातात दिला. "तूच दे त्यांना, रूथ. माझ्यानं नाही व्हायचं." एवढी मोठी बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता. मला त्या क्षणी देवाचासुद्धा राग आला, खरं सांगते.

साहेब मराठीच, पण बोलणं तुटक. वही चाळून ते जेलरसाहेबांना म्हणाले, "प्रार्थनेमुळे गिनती चुकते. असली प्रार्थना हवी कशाला?" जेलरसाहेब बुटांकडे बघत राहिले. साहेबांनी माझ्या हातातून परवाना घेतला आणि वहीत ठेवला. आम्ही दोघी लिंबाखाली उभ्या राहिलो.

मग शिरस्त्याप्रमाणे बायकांना ओळीत उभं केलं. तपासणीला आलेल्या साहेबानं प्रत्येक ओळीला विचारायचं, "कुणाची काही तक्रार?" आणि ओळीनं गप्प राहायचं, अशी रीत. साहेबांनी विचारलं. ओळ गप्प राहिली. साहेब वळणार तोच गंगूबाई एक पाऊल पुढे आली.

"हाय. माजी तक्रार हाय."

जेलरसाहेबांनी डोळे मिटले.

"कुणाविरुद्ध?"

गंगूबाईनं हात लांब करून सरळ लिंबाखाली बोट दाखवलं. "त्या लिआबाईच्या इरुद्ध!"

वन्संनी माझं मनगट धरलं. एवढं घट्ट की बांगडी रुतली. मी गंगूबाईकडे बघत होते आणि मला काही समजत नव्हतं. हिच्यासाठी वन्संनी काय कमी केलं होतं! साहेबांनी कारकुनाला खूण केली. "लिहून घ्या. बोल, काय तक्रार आहे?"

"सायेब, आमी हितं समद्या आत हावोत. कुनाला दोन वर्सं, कुनाला धा. कुनालाबी सोडत न्हाईत. बराबर हाय, आमी गुन्हं केल्यात. पर ह्या बाईला मातुर दर आइतवारी पाच वाजता सोडून देत्यात! ह्ये कसं काय?"

ओळीतून दहा जणी एकदम म्हणाल्या, "व्हय, व्हय! आमची बी तक्रार हाय!"

कारकुनाची लेखणी थांबली. "साहेब, हे... लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले. "शब्द न् शब्द लिहा."

ते लिहून झालं. साहेबांनी वहीतून परवाना काढला, उलटसुलट करून पाहिला, जेलरसाहेबांची लेखणी मागून घेतली. वन्संकडे त्यांनी पाहिलंही नाही. गंगूबाईलाच विचारलं,

"साडेपाच केले तर चालेल?"

गंगूबाईनं मागं वळून ओळीकडे पाहिलं. ओळीनं माना हलवल्या. ती पुन्हा साहेबांकडे वळली आणि कमरेवर हात ठेवले.

"सा करा, सायेब! न्हाईतर तक्रार मागं घेत न्हाई!"